वरी भरडायची गिरणी, बोगद्याजवळ: पाचपैकी चार तारे, एक आईनं कापला

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याला जाताना एक पत्र्याची शेड लागते. बोर्ड नाही. दाराला निळी ताडपत्री आणि आत घरघर चालू असली की समजायचं, हीच. इथं वरी भरडून, म्हणजे तूस काढून तिचा तांदूळ (उपासाची भगर) करून मिळते. पिठाच्या गिरण्या गल्लोगल्ली आहेत, भाताच्याही आहेत, पण भाताच्या गिरणीत वरी टाकली तर निम्मी तुसासकट तशीच बाहेर येते आणि उरलेलीचा भुगा होतो. मी ते एकदा करून बसलोय.

मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, त्यामुळे पहिलं लक्ष मशीनकडेच गेलं. दोन एचपीची सिंगल फेज मोटार, पट्ट्यावर फिरणारी चकती. आधी चाळणीतून खडे-माती जातात, मग दाणा चकतीवर पडतो, वेगानं कडेच्या कड्यावर आपटतो, तूस सुटतं आणि पंखा ते उडवून बाजूला टाकतो. दोनदा फिरवतात. सगळा खेळ वेगाचा आहे. चकती जास्त फिरली की दाणा फुटून कणी होते, कमी फिरली की तूस तसंच राहतं. संध्याकाळी सहानंतर त्या भागात व्होल्टेज बसतं, मोटार कण्हायला लागते आणि त्या वेळी भरडलेल्या मालात तुसाचे दाणे दिसतात. म्हणून सकाळी जा. मी गिरणीवाल्या काकांना म्हटलं, "पट्टा सैल पडलाय, ताणून घ्या." ते म्हणाले, "तुम्हीच ताणा की." ताणून दिला. चहा मिळाला, दर काही कमी झाला नाही.

दर किलोला दहा रुपये, आणि तोही आणलेल्या मालावर, निघालेल्या तांदळावर नाही. आईची 38 किलो वरी नेली होती. 25 किलो तांदूळ, 3 किलो कणी आणि पोतंभर कोंडा परत आला. 380 रुपये झाले. महाग वाटेल, पण हा हिशेब ऐका. गेल्या वर्षी आईची वरी गावातल्या व्यापाऱ्यानं 38 रुपये किलोनं उचलली. ती नाशिककडच्या भगरीच्या गिरण्यांना जाते. त्याच महिन्यात एकादशीला मी साताऱ्यातल्या दुकानातून भगर आणली 130 रुपये किलोनं. आपल्याच डोंगराची वरी असेल कदाचित, नाशिक फिरून आलेली.

आमचं गाव बामणोलीच्या पलीकडे, लाँच उतरून वडाप धरावं लागतं. आजीच्या काळात वरी कुमरीवर व्हायची. फाल्गुन-चैत्रात उतारावरची झुडपं, कारवी तोडायची, वाळू द्यायची, पावसाच्या तोंडावर पेटवायची आणि राखेत पेरायचं. पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरी, तिसऱ्या साली कारळे, आणि मग ती जागा सोडून डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. कारवी सात वर्षांनी फुलते आणि फुलून वाळते. आजी म्हणायची, तिथली कारवी एकदा फुलून गेल्याबिगर त्या जागेला हात लावायचा नाही.

पण त्याला डोंगर मोकळा लागतो. खालची सपाट शेती कोयनेच्या पाण्यात गेली, वरच्या अंगाला 1985 साली अभयारण्य झालं. उरलेली वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन मग तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पुन्हा तोडायची पाळी आली. कारवी गुडघ्याएवढी असतानाच जाळली तर राख ती किती पडणार? आणि पाऊस हा असा महाबळेश्वराच्या तोलाचा. दोन पावसाळ्यांत राखेसकट माती ओढ्याला. आमच्या वडिलांनी चार उन्हाळे उतारावर दगड रचून ताली (बांध) घातल्या, तेव्हापासून तोच तुकडा दरसाल पिकतो. आई रोपाच्या वाफ्यावर शेण, पाला, टाळ (तोडलेल्या फांद्या) घालून राब अजून भाजते. शहरातले लोक राबालाच कुमरी म्हणतात आणि वर डोंगर जाळल्याबद्दल चार शब्द सुनावतात. राब म्हणजे अंगणाएवढा वाफा असतो हो.

तालीत नाचणी टिकली, वरी मात्र मागे पडली. कारण कांडप. नाचणी धुऊन वाळवून सरळ दळता येते. वरीला उखळ-मुसळ लागतं, आणि दोन किलो कांडायला आईची अख्खी दुपार जायची. आता गुडघे बसू देत नाहीत. स्थिर शेती करा, भरडधान्य लावा, असं सांगणारे पुष्कळ येतात. बियाणंही चांगलं आहे, कोल्हापूरच्या शेंडा पार्कमधल्या कृषी संशोधन केंद्राच्या फुले एकादशी वाणाचं नाव तर वरीला शोभणारंच आहे. कांडणार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. जिल्ह्यात भिलार पुस्तकांचं गाव झालं, 2022 साली मांघर मधाचं गाव झालं. वरीच्या वाट्याला ही पत्र्याची शेड आली, आणि सध्या मला तीच जास्त उपयोगाची वाटते.

तक्रारी आहेत. पावती देत नाहीत. वीस किलोच्या खाली माल घेत नाहीत, हे आधी सांगतही नाहीत. माझ्यासमोर एका म्हाताऱ्या बाबांना आठ किलोचं बोचकं घेऊन परत जावं लागलं. दाणा ओला असेल तर काकू दाताखाली चावून बघतात आणि सरळ परत पाठवतात. मला राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं, ओल्या दाण्याचं तूस सुटत नाही. दोन उन्हं देऊन पुन्हा आलो. आषाढीच्या आधीचे आठ दिवस तिकडे फिरकूच नका. तेव्हा प्रत्येक जण एकच विचारतो, "ह्यात नाचणी घातली नव्हती ना? उपासाला चालंल ना?" काकूंचं उत्तर ठरलेलं, "हे मशीन बारा महिने उपाशीच असतंय."

तांदूळ गावी नेला. आईनं मूठभर सुपात घेतला, उन्हाकडे धरला, बोटानं सारत तुसाचे दाणे मोजले. नऊ निघाले.

"माझ्या हातची एवढी नसायची," म्हणाली. मग पोत्याकडे बघून, "कोंडा आणलास न्हवं? तो ठेवून घेत्यात गिरणीवाले."

आणला होता. म्हैस खाते.