टाचेचा अल्ट्रासाउंड की डेक्सा?
आईची हाडं ठिसूळ झालीत का ते तपासायचंय, टाचेचा अल्ट्रासाउंड करू की डेक्सा (एक्स-रेनं हाडांची घनता मोजायची तपासणी), असं मैत्रिणीनं विचारलं म्हणून लिहितेय. टाचेचं हाड आतून स्पंजसारखं, बारीक जाळी आणि पोकळ्यांत मज्जा, त्यातून अल्ट्रासाउंड सोडला की जाळी दाट असेल तर लहर लवकर पोचते पण जास्त क्षीण होऊन, आणि जाळी विरळ झाली की उलटं, वेग मज्जेतल्या वेगाकडे म्हणजे सेकंदाला साधारण 1500 मीटरकडे घसरतो, किती सुंदर आहे हे! रेडिएशन शून्य, मशीन उचलून नेता येतं. डेक्सात एक्स-रे, पण अगदी कमी, आणि मोजमाप थेट खुबा-मणक्याचं. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती कमी-जास्त ते सांगणारा आकडा; हाडं ठिसूळ ठरवायची उणे 2.5 ची रेघ डेक्साचीच, ती टाचेच्या आकड्याला लावू नका. नुसती प्राथमिक चाळणी असेल तर टाच चालेल, औषध ठरवायचं किंवा त्याचा परिणाम बघायचा तर डेक्साच करा.