गेटऑप्ट्स: पावसाळ्यापासून रोज वापरल्यानंतर

गिरगावातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात जुन्या चाळींच्या नकाशांचे स्कॅन आणि बॅकअप यांच्या स्क्रिप्ट मी सांभाळतो. गेल्या पावसाळ्यापासून ऑप्शन, म्हणजे कमांडच्या नावानंतर डॅश (-) लावून दिलेल्या सूचना, वाचायचं सगळं काम शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, गेटऑप्ट्स या कमांडवर सोपवलंय. आता मत पक्कं झालंय: चार-पाच ऑप्शनांच्या शेल स्क्रिप्टसाठी दुसरं काही शोधायची गरज नाही.

खरी परीक्षा घेतली ती आमच्या फोल्डरांनी. 'खेतवाडी ७ वी गल्ली' असली नावं, मध्ये तीन स्पेस. गेटऑप्ट ही वेगळी कमांड आहे, घोटाळा करू नका. मॅकवर येते ती जुन्या धाटणीची, ती या नावाचे चार तुकडे करते. लिनक्सवरची सुधारलेली नीट वागते, लांब ऑप्शनही (दोन डॅश लावून पूर्ण शब्दात लिहिलेले) घेते, पण आमच्याकडे दोन्ही तऱ्हेची मशिनं आहेत. गेटऑप्ट्स शेलच्या आतच असतं, पोझिक्स या सामायिक मानकात आहे. बॅश, डॅश, झेडशेल अशा कुठल्याही शेलमध्ये चालतं आणि नाव ऑप्टआर्ग या व्हेरिएबलमध्ये अखंड मिळतं. पुढे वापरताना ऑप्टआर्गला डबल कोट मात्र आपणच घालायचे.

गेटऑप्ट्सला ऑप्शनांची अक्षरं देताना ज्या अक्षराला किंमत लागते त्याच्यानंतर कोलन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अक्षरांच्या अगदी सुरुवातीलाही एक कोलन द्या, हे माझं आग्रहाचं सांगणं. मग शेल स्वतःचा एरर छापत नाही. ऑप्शन तपासणाऱ्या केसमध्ये प्रश्नचिन्ह आलं तर ऑप्शन अनोळखी, कोलन आलं तर किंमत द्यायची राहिली, आणि ते अक्षर ऑप्टआर्गमध्ये. आमची स्क्रिप्ट आता 'डॅश डी नंतर फोल्डरचं नाव द्या' असं मराठीत सांगते. आमचे ड्राफ्ट्समन काका पूर्वी हाक मारायचे, "अरे, हे काय म्हणतंय बघ जरा." आता वाचतात, दुरुस्त करतात, कामाला लागतात. माझ्या लेखी एवढ्यासाठीच ते बसवणं सार्थकी लागलं.

तक्रार एकच, पण गंभीर. काका आधी फोल्डर लिहितात, मग डॅश एन, म्हणजे 'नुसतं दाखव, कॉपी करू नको'. गेटऑप्ट्स फोल्डरपाशीच थांबतं, एन त्याला दिसतच नाही, आणि कॉपी खरोखरच सुरू होते. ना एरर, ना इशारा. त्यामुळे गेटऑप्ट्सचा लूप संपल्यावर ऑप्टइंड (पुढे वाचायच्या शब्दाचा क्रमांक) वजा १ इतकं शिफ्ट करायचं, म्हणजे वाचून झालेले शब्द काढून टाकायचे, आणि उरलेल्यांत डॅशने सुरू होणारं काही सापडलं तर तिथेच एक्झिट. फायली हलवणाऱ्या किंवा पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ही तपासणी हवीच हवी. फंक्शनमध्ये वापरत असाल तर ऑप्टइंड लोकल करून १ वर आणा, नाहीतर बॅशमध्ये दुसऱ्या वेळी ते पहिल्या वेळी थांबलं होतं तिथून पुढे वाचतं.

लांब ऑप्शन यात नाहीत. महिन्याच्या रिपोर्टला ते लागू लागले, तेव्हा ती स्क्रिप्ट पायथॉन भाषेतल्या आर्गपार्स या मॉड्यूलवर नेली. हेल्प आपोआप तयार होते, फोल्डर आधी की ऑप्शन आधी याची फिकीर नाही. फक्त ते अर्धवट लिहिलेला लांब ऑप्शनही पूर्ण समजून चालवतं. पुसण्याच्या कामात हे मला नकोच, आणि पायथॉन ३.५ पासून ते बंद करता येतं, तेव्हा पार्सर बनवतानाच अलाऊ-अ‍ॅब्रेव्हला फॉल्स द्या.