परदेशी वर्तमानपत्र रोज वाचायचंय: मोबाइल, टॅब की ई-रीडर?

मोंढ्यात आमच्या शेजारी अडत दुकान असलेले अण्णा आणि माझी पुतणी, दोघांनी एकाच आठवड्यात मला एकच प्रश्न विचारला. परदेशी वर्तमानपत्र रोज वाचायचं तर ई-रीडर, म्हणजे कागदासारख्या पडद्याचं फक्त वाचनासाठीचं यंत्र, घ्यावा का? अण्णांना मी नको म्हणालो, पुतणीला घे म्हणालो. लातुरात, नांदेडात, परभणीत हा प्रश्न पडलेले आणखीही असतील, म्हणून सविस्तर लिहितो. छापील परदेशी अंक काही आपला पेपरवाला दारात टाकत नाही. निवड करायची ती पडद्यांमध्येच.

आधी अण्णांचं सांगतो. त्यांचा जीव सोयाबीनच्या भावात. जगात सर्वांत जास्त सोयाबीन पिकतं ब्राझीलमध्ये, आणि तिथल्या मातो ग्रोसो राज्यात पावसानं ओढ दिली की त्याची चर्चा लातूरच्या सौद्यापर्यंत येते. अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदेबाजाराचा भाव बुशेलला सेंटमध्ये निघतो. सोयाबीनचा बुशेल म्हणजे 60 पौंड, सुमारे 27.2 किलो, आणि अण्णा त्याचा क्विंटलचा हिशोब तोंडी करतात. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली आणि महिना भरायच्या आत, 23 मेला, पुन्हा सुरू केली. अशी बातमी ज्याला तासाभरात हवी, त्यानं मोबाइलच वापरावा. ई-रीडरवर पहाटे उतरवलेला अंक संध्याकाळपर्यंत तसाच राहतो.

दुसरी अडचण आलेखांची. साध्या ई-रीडरचा पडदा काळा-पांढरा आणि मधल्या करड्या छटांचा. 'फायनान्शियल टाइम्स' 1893 पासून गुलाबी कागदावर निघतो. तो रंग गेला तरी काही बिघडत नाही. पण आलेखातली ब्राझीलची हिरवी रेघ आणि अमेरिकेची लाल रेघ सारखीच करडी दिसली, की त्या आलेखाचा उपयोग संपला. अण्णांच्या कामाची निम्मी माहिती अशाच रेघांमध्ये असते.

टॅबबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. छापील पान जसंच्या तसं पाहायची हौस असेल, पहिल्या पानावर कोणती बातमी केवढ्या मथळ्यानं घेतली हे बघायचं असेल, तर दहा इंची टॅब घ्या. प्रेसरीडरसारख्या सेवेवर जगभरातली हजारो नियतकालिकं अशी पानं जशीच्या तशी दाखवतात. तेच पान सहा-सात इंची ई-रीडरवर उघडलंत तर अक्षर मुंगीएवढं होतं आणि मोठं करून सरकवताना कंटाळा येतो. गच्चीवर उन्हात मात्र टॅबमध्ये बातमीऐवजी आपलाच चेहरा दिसतो.

आता पुतणीचं. ती अभ्यासिकेत बसून यूपीएससीची तयारी करते आणि 'गार्डियन'मधले लांब लेख वाचते. तिचं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे ब्रिटिश संसदेतले शब्द आणि तिकडचे वाक्प्रचार तिला दर परिच्छेदात अडवतात. मोबाइलवर अर्थ शोधायला ती लेखातून बाहेर पडायची, तेवढ्यात वर एखादा निरोप चमकायचा, आणि लेख राहून जायचा. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरवर, शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ तिथेच उघडतो. पाहिलेले शब्द, ते ज्या वाक्यात आले त्या वाक्यासकट, वेगळ्या यादीत साठतात. जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्यांना त्या भाषांचे शब्दकोशही उतरवून घेता येतात. माझं यंत्र तिला पंधरा दिवस वापरायला दिलं होतं. परत देताना ती म्हणाली, "काका, फोनवर मी दहा बातम्या उघडते अन् दोन वाचते. यावर पाच उघडल्या तर पाचही वाचून होतात." माझाही अनुभव तोच आहे, आणि एवढ्या एका कारणासाठी मी ई-रीडरच्या बाजूचा आहे. परक्या भाषेत वाचताना लक्ष एकदा तुटलं की पुन्हा जोडायला फार कष्ट पडतात.

ई-रीडरच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे बारीक कण विजेच्या भारानं वरखाली होतात. पान उलटलं तेवढीच वीज लागते, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं. दुपारी लाईट गेली, तरी ओसरीत बसून वाचता येतं. शेतावर भर उन्हात तर अक्षर आणखी ठसठशीत दिसतं.

पण अंक मिळवायला थोडी खटपट आहे. 2007 मध्ये पहिलं किंडल आलं तेव्हापासून त्यावर वर्तमानपत्रांची वर्गणी भरता येत असे. ती सोय 2023 मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या सल्ल्यांवर विसंबून खरेदी करू नका. आता मार्ग कॅलिबरचा. कोविद गोयल यांनी तयार केलेली ही संगणकप्रणाली फुकट आहे. ती वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरून लेख गोळा करते आणि त्यांचं सदरवार ई-पुस्तक बांधते. 'गार्डियन'ला पैसे लागत नाहीत. ज्यांना लागतात, त्यांची स्वतःची वर्गणी भरून खातं जोडावं. तयार पुस्तक केबलनं चढवा, किंवा किंडलच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावर पाठवा. पाठवणारा पत्ता आधी मंजूर करून ठेवावा लागतो. एखाद्या वर्तमानपत्रानं संकेतस्थळाची मांडणी बदलली की अंक अर्धवट येतो. अशा वेळी कॅलिबरची नवी आवृत्ती घेतली की बहुतेकदा काम होतं.

वेळेचा हिशोबही ठेवा. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा लंडनमध्ये हिवाळ्यात मध्यरात्र असते, उन्हाळ्यात एक. पॅरिसचं 'ल मोंद' दुपारी निघतं आणि त्यावर दुसऱ्या दिवशीची तारीख असते, म्हणून ते आपल्या संध्याकाळी उतरवावं. कॅलिबरनं ठरल्या वेळी अंक उतरवायचा तर तेव्हा संगणक चालू हवा. संगणकच नसेल तर अँड्रॉइडवर चालणारा ओनिक्स बूक्ससारखा ई-रीडर आहे. त्यावर वर्तमानपत्राचं स्वतःचं ॲप चालतं, पण मजकूर सरकवताना आधीच्या अक्षरांची छाया मागे राहते. साध्या किंडलपेक्षा तो सहसा महागही पडतो.

पैसे घालण्याआधी एक करा. कुणाच्या तरी संगणकावर कॅलिबर टाकून 'गार्डियन'चा अंक बांधा, तो मोबाइलवर घ्या आणि एरोप्लेन मोड लावून रोज अर्धा तास, असे आठ दिवस वाचा. तिसऱ्या दिवशी ताजे भाव बघायला बोट वळवळलं, तर अण्णांसारखा मोबाइलच बरा. आठव्या दिवशीही पुढचा लेख उघडावासा वाटला, तर यंत्र मागवा.