पोटाचा पट्टा, साइझ एल: आठ आठवडे बांधून

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण वेलक्रोचा कापला, उरलेला एक कशाचा ते पुढे येईल.

गरोदरपणात पोटाखालून बांधायचा आधाराचा पट्टा सर्जिकलच्या दुकानात दोन-तीन कंपन्यांचा मिळतो. बनावट थोड्याफार फरकानं सारखीच. मागे कंबरेवर रुंद भाग, त्यात लवचीक पाती घातलेली, पुढे ओटीपोटाखाली येणारी अरुंद पट्टी आणि ताणून घट्ट करायला दोन्ही बाजूंना वेलक्रो. मी घेतला 31 ऑगस्ट 2024ला, गणपतीच्या आधीच्या शनिवारी, नौपाड्यात गोखले रोडच्या एका आतल्या गल्लीत. बाहेर मखरं आणि कंठ्या घेणाऱ्यांची झुंबड, आणि आत मी ड्रेसवरूनच पट्टा बांधून प्लॅस्टिकच्या स्टुलाभोवती फेऱ्या मारतेय. सत्तावीस आठवडे पूर्ण व्हायला दोन दिवस होते.

छापील किंमत 950, मला 780ला दिला. ऑनलाइन शंभरेक रुपयांनी स्वस्त दिसत होता, पण ही वस्तू बांधून, चालून बघितल्याशिवाय घेऊ नका. माप पोटाच्या घेराखालून घ्यावं लागतं आणि तिथेच सगळ्या चुकतात. दुकानदार टेप हातात घेऊन अवघडला. मग आतून त्याची बायको आली, तिनं दोन मिनिटांत माप घेतलं आणि म्हणाली, "एम बसतोय ताई, पण एल न्या. नाहीतर नवव्या महिन्यात मला शिव्या द्याल." एल नेला. बाईचं बरोबर होतं.

आता तो कशासाठी वापरला ते सांगते, कारण घरात सोफ्यावर बसणारीचा आणि माझा अनुभव एक नसणार. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसी लॅबला, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. राहायला वर्तकनगर. सकाळी शेअर रिक्षानं ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स हार्बर मार्गाची लोकल, रबाळ्याला उतरून परत रिक्षा. ट्रान्स हार्बरचं एक सुख आहे, गाडी ठाण्यातूनच सुटते. एक सोडली की दुसरीत बसायला मिळतं. संध्याकाळी येताना मात्र ती वाशी-पनवेलकडून भरून आलेली असते आणि आयटीवाल्या पोरींना पोट दिसायला ऐरोली यावं लागतं, कारण तोवर डोकं मोबाइलमध्ये. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चढता येतं हे मला सातव्या महिन्यात दाराशी उभ्या असलेल्या एका अनोळखी काकूंनी सांगितलं. तोपर्यंत मी लेडीज डब्यात दांडीला लोंबत होते.

पट्टा उपयोगी पडतो का? पडतो. या दिवसांत कंबरेचे, ओटीपोटाचे सांधे धरून ठेवणारे बंध सैल होतात, पोट पुढे ओढतं, मग कंबर मागे बाक काढून तोल सांभाळते आणि संध्याकाळपर्यंत दगड होते. पट्टा वजन काही कमी करत नाही, पण ओढ मागच्या रुंद भागावर वाटली जाते. ठाणे स्टेशनचा पूल चढताना जांघेत जी चमक निघायची, ती पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आली. माकडहाडाचं दुखणं तर दसऱ्यापर्यंत मी विसरूनच गेले होते.

बांधायची पद्धत डॉक्टरबाईंनी सांगितली तशी: पट्टी पोटावर नाही, पोटाखाली. श्वास अडखळला तर सैल कर. दोन-तीन तास बांध, मग काढ. बसलीस की काढ, रात्री अजिबात नाही. बसल्यावर काढायचा हे मला रिक्षानंच शिकवलं. एकदा आळस केला तर रबाळ्याच्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला पुढची कड दुमडून मांडीत रुतत गेली.

तक्रारी. एक, ऑक्टोबरचा उकाडा. ठाण्यात ऑक्टोबरमध्ये नुसत्या कुर्त्यातही माणूस वाफेत शिजतो, त्यात हा जाड पट्टा. दोन्ही कुशींना घामोळं आलं. उपाय म्हणजे आतून सुती बनियन, पट्टा थेट अंगावर नाही. नवऱ्याची दोन बनियनं त्यात कामी आली, ती त्याला परत मिळालेली नाहीत. दोन, धुणं. हातानं धुवावा लागतो आणि पंख्याखाली रात्रभरात कसाबसा वाळतो. तीन, वेलक्रो. लेगिंग्जचे धागे ओढतो, ओढणीला चिकटतो, त्यात सूत-केस अडकत जातात आणि महिन्याभरात पकड सैल पडते. लॅबमध्ये असले तंतू अंगावर घेऊन फिरणं कुणाला आवडत नाही, मलाही नाही. शिवाय काढतानाचा तो चर्र आवाज. लेडीज वॉशरूममधून तो आला की बाहेर सगळ्यांना कळायचं, मॅडम आत आहेत.

इथपर्यंत वस्तूचं झालं. आता त्या कापलेल्या एका गुणाचं.

मी हा पट्टा कंबरेसाठी घेतला असं सगळ्यांना सांगितलं, आईलासुद्धा. खरं कारण हिशोबाचं होतं. पहिल्या बाळंतपणाला प्रसूतिरजा 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस. तेव्हा लागू असलेला मूळ कायदा 1961चा, 26 आठवडे झाले 2017च्या दुरुस्तीनं. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. रविवार, सणवार सगळं त्यातच मोजलं जातं. म्हणजे आधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतरच्या खात्यातून जातो. माझी तारीख होती 2 डिसेंबर. 7 ऑक्टोबरपासून रजा घेतली असती तर 7 एप्रिलला कामावर, बाळ जेमतेम चार महिन्यांचं. अडतीस आठवडे भरल्यावर, 18 नोव्हेंबरला थांबले तर 19 मे. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, असं प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, आणि मी फ्रिजवर कॅलेंडर लावून त्या सहा महिन्यांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जात होते.

आईचा हिशोब निराळा. पहिलटकरणीनं सातव्यात डोहाळजेवण करून माहेरी यायचं, बस. माहेर कराडला. "अगं, दिवस भरत आल्यावर ते ठाणे-रबाळे, ठाणे-रबाळे काय चाललंय? पोटात आहे ते बाळ आहे, डबा नाही." सासूबाई मधल्या मध्ये. त्या स्वतः शिक्षिका होत्या आणि त्यांच्या वेळी रजा किती मिळायची, कशी पुरवली, हे सांगताना त्यांचा आवाज कधी अभिमानाचा व्हायचा, कधी रागाचा. शेवटी आईनंच नोव्हेंबरात ठाण्याला यायचं ठरलं. म्हणजे मी जिंकले, असं मला वाटलं.

लॅबमध्ये पाचव्या महिन्यापासून मला सॉल्व्हंटचं काम दिलं नव्हतं. एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रासाठी द्रावणं (मोबाइल फेज) करायला मिथेनॉल, ॲसिटोनायट्राइल हाताळावं लागतं, त्यापासून लांब ठेवलं, हे कंपनीचं चांगलंच. पण लांब ठेवून टाकलं कुठे, तर डिझोल्युशनवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोळी पोटात गेल्यावर किती वेळात विरघळते ते बघायचं यंत्र, सहा जार, पाणी 37 अंशांवर, आणि ठरलेल्या मिनिटाला सहाही जारमधून नमुना काढायचा. दहाव्या, विसाव्या, तिसाव्या, पंचेचाळिसाव्या मिनिटाला. बसता येत नाही. बसायला स्टूल होतं, पण त्यावर बसलं की जारपर्यंत हात पोचत नाही, मध्ये पोट.

आणि इथे पट्टा आडवा आला. कायद्यात एक कलम आहे, जे मला रजेवर गेल्यावर समजलं. प्रसूतीच्या तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात बाईनं मागणी केली तर तिला खूप वेळ उभं राहायचं किंवा कष्टाचं काम देता येत नाही. माझ्या तारखेनं मोजलं तर 21 सप्टेंबरपासून. एक अर्ज पुरला असता. मी तो केला नाही, कारण माहीत नव्हतं हे एक, आणि दुसरं म्हणजे दुखतच नव्हतं. कंबर गप्प होती. सेक्शनच्या सरांनी एकदा खरंच विचारलं होतं, "मॅडम, उभं राहणं जमतंय ना?" मी कंबरेवर हात मारून दाखवला, "पट्टा आहे ना सर." त्यानंतर ते लॅबचं वाक्यच झालं. तिसऱ्या बॅचचा नमुना आला की कुणीतरी म्हणणार, त्यांच्याकडे द्या, पट्टा आहे त्यांचा. मला त्याचा राग येत नव्हता, उलट बरं वाटायचं. ते आता आठवलं की कसंतरी होतं.

28 ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस. सकाळी सोसायटीत गाय-वासराची पूजा होती, मी गडबडीत हळद-कुंकू वाहून निघाले. त्या दिवशी पस्तीस आठवडे पूर्ण. दिवाळीआधी बॅच सोडायची घाई, सकाळपासून दुसरी रन. अकराच्या सुमाराला पोट कडक झालं. वाटलं, पट्टा जास्त ओढला गेला, सैल केला. थोड्या वेळानं परत. आणखी सैल केला. तिसऱ्यांदा वॉशरूममध्ये जाऊन काढूनच टाकला आणि भिंतीला टेकून उभी राहिले, आणि पट्टा हातात असताना पोट परत फुटबॉलसारखं घट्ट झालं. मग मला कळलं की हे आज सुरू झालेलं नसावं. गेले आठ-दहा दिवस दुपारी जो ताण वाटायचा, तो मी पट्ट्याच्या नावावर टाकत होते.

तासाभरात चार वेळा. डॉक्टरबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या ये लगेच. सरांनी गाडी दिली, ती ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिवाळीच्या ट्रॅफिकमध्ये उभी. पोटाला दुसरा पट्टा, एनएसटीचा, म्हणजे बाळाचे ठोके आणि कळा नोंदवणाऱ्या तपासणीचा, अर्धा तास. बाळाचे ठोके छान, तपासणीत काही उघडलेलं नाही, खोट्या कळा. बीपी मात्र 136 वर 88, आणि पायावर बोट दाबलं तर खळगा पडत होता. बाई म्हणाल्या, "काम बसून असतं ना तुझं?" मी आधीच्या सगळ्या भेटींत "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे खुर्ची आणि मायक्रोस्कोप असणार. मी सांगितलं, साडेआठ तासांतले सहा उभी. त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. "मग पट्टा बांधून तू मला काय दाखवत होतीस?" एवढंच.

रजा कधी घ्यायची हे त्या रात्री कुणी ठरवलं, मला नीट सांगता येणार नाही. आईला फोन केला नाही, ती उद्या निघाली असती. नवऱ्यानं फ्रिजवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, मोज. मोजलं. 18 नोव्हेंबरऐवजी 4 तारखेला थांबले तर फरक किती? चौदा दिवस. आठ आठवडे मी त्या चौदा दिवसांसाठी पट्टा ओढत होते.

29 आणि 30ला जाऊन खुर्चीवर बसून हँडओव्हर दिला, पट्टा घरी. मग दिवाळीची सुट्टी, आणि 4 नोव्हेंबरपासून रजा. घरी बीपी आपोआप उतरलं. मुलगी झाली 27 नोव्हेंबरला, एकोणचाळीस आठवडे आणि दोन दिवस. आधी गेले 23 दिवस, नंतर मिळाले 159, 5 मे 2025ला हजर. एचआरनं नंतर सांगितलेली एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर डॉक्टरांच्या कागदावर 26 आठवड्यांवर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. मला तिची गरज पडली नाही, पण ती आहे हे माहीत असतं तर मी त्या कॅलेंडरकडे इतकी चिकटून बसले नसते, असं आपलं मला वाटतं. कदाचित बसलेही असते.

तर घ्यायचा का? प्रवास आहे, कंबर दुखते, डॉक्टर हो म्हणतात, तर घ्या, एलच घ्या. ऑफिसात बसल्या कामाला काही उपयोग नाही. आणि तो बांधून पोट घट्ट वाटलं तर पहिल्यांदा तो काढून पाहा, सैल करत बसू नका. डॉक्टरांना हुद्दा सांगू नका, किती तास उभ्या असता ते सांगा.

माझा पट्टा गेल्या महिन्यात पॅकिंग लाइनवरची एक मुलगी मागायला आली. सहावा महिना, मुंब्र्याहून येते, लाइनवर उभीच. धुऊन दिला. डाव्या बाजूचा वेलक्रो थोडा उडालाय, तो तिच्या आईनं शिवून घेतला म्हणे. पट्ट्याबरोबर अर्जाचा मसुदाही दिला, तारीख तेवढी मोकळी सोडून.