प्रोसेसरवर सतत भार: शोध घ्यावा, फॉरमॅट मारावा की सुटे भाग बदलावेत?

घरचा संगणक मंदावला, पंख्याचा आवाज वाढला आणि प्रोसेसरचा आकडा ९० टक्क्यांच्या खाली यायला तयार नसला, की तीन सल्ले हमखास मिळतात: भार कोणता प्रोग्राम टाकतो आहे ते शोधा, दुकानात नेऊन फॉरमॅट मारून घ्या (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका), नाहीतर रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) वाढवा. तिन्ही सल्ल्यांना आपापली जागा आहे. तरीही पहिल्या मार्गाला निदान अर्धा तास दिल्याशिवाय उरलेल्या दोहोंकडे वळू नये, असे माझे मत आहे, कारण फॉरमॅटने पुरावाच पुसला जातो आणि सुटे भाग बदलूनही मूळ दोष कित्येकदा जागच्या जागी राहतो.

शोधाची सुरुवात सोपी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो, आणि त्यातील सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केले की सर्वाधिक भार टाकणारे नाव वर येते. मात्र वर दिसलेले प्रत्येक नाव दोषी नसते. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या व्हायरसरोधक प्रोग्रामचे काम आहे आणि ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ हे अपडेटचे. संगणक चालू ठेवून जेवून यावे, बहुधा दोन्ही शांत झालेली असतात. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स या पानावर ‘सिस्टम आयडल प्रोसेस’समोर ९५ दिसले तर उलट निर्धास्त व्हावे, कारण तो प्रोसेसर रिकामा बसल्याचा आकडा आहे. ‘सिस्टम इंटरप्ट्स’ मात्र सतत वर राहिले, तर संशय ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) किंवा जोडलेल्या उपकरणांवर घ्यावा आणि यूएसबीला लावलेली उपकरणे एकेक करून काढून पाहावीत.

माझ्या घरी चार लॉजिकल प्रोसेसर (विंडोज ज्यांना स्वतंत्र प्रोसेसर मानते असे भाग) असलेल्या संगणकावर भार २५ टक्क्यांवर खिळला होता, आणि दुकानदाराने फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही असे फोनवरच सांगून टाकले होते. तो आकडाच बोलका होता: एखाद्या प्रोग्रामचा एकच थ्रेड (कामाचा एक धागा) अडकून गरगरत राहिला, की चारांपैकी एक प्रोसेसर पुरता खर्ची पडतो; आठ असते तर साडेबारा टक्के दिसले असते. यादीत वर होता प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणारा प्रोग्राम. प्रिंटर बंद असताना मुलीने शाळेच्या प्रकल्पाचे पान पाठवले होते आणि ते रांगेत अडकून पडले होते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन स्पूलर थांबवला, सिस्टम३२ मधील स्पूल फोल्डरात जो प्रिंटर्स नावाचा फोल्डर असतो त्यातील फाइली पुसल्या, स्पूलर पुन्हा सुरू केला, आणि दहा मिनिटांत पंखा शांत झाला.

फॉरमॅटची बाजूही समजून घेतली पाहिजे. क्रॅक केलेल्या (परवाना मोडून फुकट वाटलेल्या) सॉफ्टवेअरबरोबर लपून आलेले, आपल्या विजेवर दुसऱ्यासाठी आभासी चलन खणणारे प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडताच दबा धरून बसतात, असे घडते. पंखा घोंघावतो आहे, पण यादी उघडली की आकडा झटक्यात उतरतो, हे त्याचे एक लक्षण असू शकते. अशा वेळी डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन करावे आणि तरीही शंका उरली तर विंडोज नव्याने टाकावे, यात वाद नाही. सेटिंग्जमधील रीसेटच्या पर्यायात वैयक्तिक फाइली राखता येतात, परंतु बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात, म्हणून बॅकअप आधी घ्यावा. ‘सगळी सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडून हे काम करून घेणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देण्यासारखे आहे.

सुटे भाग बदलण्याबाबत सर्वांत जास्त गैरसमज आढळतो. हार्ड डिस्कचा आकडा १०० टक्के आणि प्रोसेसरचा २० असेल, तर एसएसडीने संगणकाचा कायापालट होतो. पण प्रोसेसरच दमलेला असेल, तर एसएसडी त्याचे ओझे हलके करत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या संगणकावर यूट्यूब लावताच भार चढतो, याचे कारण बहुधा व्हिडिओच्या प्रकारात, म्हणजे तो आकसून साठवण्याच्या पद्धतीत असते: व्हीपी९ प्रकार उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्समध्ये सातव्या पिढीपासून आली आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून, त्यामुळे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या संगणकात ते सारे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडते. तेथे फॉरमॅटही निरुपयोगी आणि रॅमही, ब्राउझरला एच.२६४ हा जुन्या ग्राफिक्सलाही पेलणारा प्रकारच मागायला लावणारे एक्स्टेन्शन टाकले, किंवा व्हिडिओ ७२० वर उतरवला, की फरक दिसतो. टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा वेग मूळ वेगाच्या बराच खाली घसरलेला आणि भार मात्र चढलेला दिसला, तर आधी लॅपटॉप चार्जरला लावून पाहावा. तरीही तसेच असेल, तर पंख्यातील धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) बदलावी.

मोठा खर्च करण्यापूर्वी प्रोसेसरची पिढी तपासावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या बहुतांशी आठव्या पिढीपासूनच चालते. त्याहून जुन्या संगणकात मी एसएसडी घालीन ती एकाच अटीवर: ती उद्या काढून दुसऱ्या संगणकात बसवता आली पाहिजे.