सी-टेस्ट आणि दहा मिनिटांची तोंडी: मराठीच्या वर्गांसाठी लेव्हल ठरवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

मराठी शिकायला येणाऱ्या प्रौढांना कुठल्या वर्गात बसवायचं हे ठरवण्यासाठी गेले काही महिने, लागोपाठच्या प्रवेशांना, एकच पद्धत वापरात आहे. आधी वीस मिनिटांची सी-टेस्ट, मग दहा मिनिटांची तोंडी, आणि दोन लेव्हलच्या सीमेवर असणाऱ्यांसाठी छोटं लेखन. त्याआधी व्याकरणाची पन्नास बहुपर्यायी प्रश्नांची प्रश्नपत्रिका होती. निष्कर्ष आधीच सांगायचा तर पद्धत चांगली आहे आणि जुन्या प्रश्नपत्रिकेकडे परत जायची इच्छा नाही. पण ती तयार करायला मेहनत पडते, आणि मराठीसाठी तिच्यात काही फेरफार केल्याशिवाय ती नीट चालत नाही. अडचण कुठे येते तेच इथे जास्त लिहिलं आहे.

सी-टेस्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राट्झ आणि क्लाइन-ब्रेली यांनी जर्मनीत ही पद्धत मांडली. लहान उतारा घ्यायचा, पहिलं वाक्य जसंच्या तसं ठेवायचं, आणि दुसऱ्या वाक्यापासून दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळायचा. शब्दाची अक्षरसंख्या विषम असेल तर मोठा भाग गाळायचा. एकाक्षरी शब्द, आकडे आणि विशेषनामं सोडून द्यायची. शेवटचं वाक्य पुन्हा अखंड. आम्ही चार उतारे ठेवतो, प्रत्येकात २५ गाळलेल्या जागा, म्हणजे एकूण १०० गुण. उतारे सोप्याकडून अवघडाकडे लावलेले, प्रत्येकाला पाच मिनिटं. पाच मिनिटं झाली की पान उलटायचं, मागे जायचं नाही. ही वेळेची शिस्त सैल झाली की गुणांची तुलनाच करता येत नाही, कारण एखादा पहिल्याच उताऱ्यावर दहा मिनिटं घालवून तिथे पैकीच्या पैकी मिळवतो.

आता मराठीची गोष्ट. रोमन लिपीत अक्षरं मोजणं सरळ असतं. देवनागरीत काय मोजायचं, हे आधी ठरवावं लागतं. जोडाक्षर आणि त्याची मात्रा मिळून एकच अक्षर धरलं तर हिशेब जमतो: ‘विद्यार्थी’ तीन अक्षरांचा, त्यातलं ‘वि’ ठेवायचं, बाकीची दोन गाळायची. जोडाक्षर मधोमध फोडायचं नाही, ते वाचताच येत नाही.

हे वाक्य बघा: ‘पाऊस सुरू झाल्यावर मुलांनी खिडक्या बंद केल्या.’ दुसऱ्या शब्दापासून गाळत गेलं तर असं दिसतं: ‘पाऊस सु_ झाल्यावर मु_ _ खिडक्या बं_ केल्या.’ मधल्या जागी ‘मुलांनी’ अपेक्षित आहे. पण ‘मुलींनी’ही बसतं. आणि कर्ता सांगायची मराठीला सक्ती नसल्यामुळे ‘मुद्दाम’ही बसतं! तीन अक्षरं, सुरुवात ‘मु’, वाक्य निर्दोष. मराठी उत्तम येणारा माणूसच हे उत्तर लिहू शकतो, आणि उत्तरसूचीत ते नसेल तर त्याचाच गुण कापला जातो. बरं, एक शब्द आधीपासून गाळायला सुरुवात करू म्हटलं, तर ‘झाल्या_ _’ येतं. तिथे ‘झाल्यावर’ जितकं बरोबर तितकंच ‘झाल्यामुळे’ बरोबर. यावर उपाय दोनच. एक, आधीचं अखंड वाक्य असं ठेवायचं की संदर्भ पक्का व्हावा: ‘वर्गात सगळी मुलं गप्प बसली होती’ असं आधी आलं की ‘मुलींनी’ गळतं आणि ‘मुद्दाम’ सहसा कुणी लिहीत नाही. दोन, तरीही उरलेले पर्याय उत्तरसूचीत नोंदवायचे. तपासणाऱ्याच्या मर्जीवर ते सोडायचे नाहीत.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची. ‘शाळेसमोरच्या’ हा सहा अक्षरांचा शब्द नियमाने अर्धा केला तर उरतं ‘शाळेस’. हा स्वतःच पूर्ण शब्द आहे, चतुर्थीचा, आणि शिकणारा तिथेच अडकतो. पाचपेक्षा जास्त अक्षरांचे असे शब्द अखंड ठेवून पुढचा शब्द घेतला तर बरं पडतं. तिसरी अडचण तपासणीची. ‘मोठे’ आणि ‘मोठं’ दोन्ही मान्य करायचे, कारण एकाने पुस्तकातून मराठी घेतलेली असते, दुसऱ्याने बोलण्यातून. ऱ्हस्व-दीर्घाची चूक लेव्हल ठरवताना माफ. अनुस्वार मात्र माफ नाही. सामान्यरूपातला तो अनुस्वार अनेकवचन दाखवतो, आणि ‘मुलाला’पासून ‘मुलांना’पर्यंत पोचलेला शिकणारा एक पायरी पुढे असतो. शुद्धलेखनावर कडक असणारे शिक्षक यावर नाराज होतात, पण इथे प्रमाणपत्र द्यायचं नसून बसायची जागा ठरवायची आहे.

या सगळ्यातून सी-टेस्टचा मराठीतला स्वभाव लक्षात येतो. आपल्याकडे प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतात आणि गाळला जातो तो शेवटच. म्हणून मराठी सी-टेस्ट विभक्ती, सामान्यरूप आणि क्रियापदाचं लिंग-वचन फार बारकाईने पकडते, शब्दसंग्रह त्यामानाने कमी. इथेच ती बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेला मागे टाकते. हिंदी येणारे लोक चार पर्यायांतून योग्य पर्याय ओळखण्यात पटाईत असतात. लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे. त्यांना जुन्या पत्रिकेत भरपूर गुण पडत आणि वर्गात ‘माझा घर’ ऐकू येई. नपुंसकलिंग त्यांच्या हिंदीत नाही. सी-टेस्टमध्ये उत्तर ओळखायचं नसतं, लिहायचं असतं, त्यामुळे ही फुगलेली लेव्हल खाली येते.

उलट बाजूला घरी मराठी ऐकत वाढलेले, पण शाळा दुसऱ्या भाषेत झालेले लोक येतात. बोलतात अस्खलित, लिपी मात्र अडखळत वाचतात. सी-टेस्ट त्यांना थेट तळाला टाकते आणि तो निकाल चुकीचा असतो. या लोकांना ही चाचणी देऊच नये. नोंदणी अर्जात तीन प्रश्न पुरतात: घरी मराठी बोलली जाते का, देवनागरी वाचता येते का, मराठीत शेवटचं काय लिहिलंत. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असेल तर सरळ तोंडी घ्यायची, आणि शक्य असेल तर त्यांच्यासाठी वाचन-लेखनाचा वेगळा वर्ग काढायचा. अगदी कोऱ्या नवशिक्यालाही सी-टेस्ट नको. शंभर रिकाम्या जागांकडे वीस मिनिटं बघत बसणं हा कुठल्याही भाषेचा पहिला अनुभव असू नये.

उतारे तयार झाले म्हणजे चाचणी तयार झाली असं नाही. आधी ती मराठी चांगली येणाऱ्या दहाएक जणांना सोडवायला द्यावी. त्यांना शंभरात नव्वदच्या वर मिळायला हवेत. ज्या जागेवर तेही चुकतात ती जागा भरून टाकावी आणि दुसरी निवडावी. मग ती सध्याच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना द्यावी. त्याआधी प्रत्येक शिक्षकाला विचारावं की वर्गातले कोण योग्य जागी बसले आहेत, आणि ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांचे गुण बाजूला ठेवावेत. उरलेल्यांचे गुण दोन शेजारच्या वर्गांसाठी एकाच कागदावर मांडले की कटऑफ कुठे असावा ते दिसतं: जिथे रेघ ओढल्यावर दोन्हीकडचे कमीत कमी लोक चुकीच्या बाजूला पडतात, तिथे.

सगळ्यात जास्त गैरसमज इथे असतो. दुसऱ्या संस्थेचा कटऑफ किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची लेव्हल उचलून आणता येत नाही. सीईएफआर, म्हणजे युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली ए१ ते सी२ ही सामायिक चौकट, ‘अमुक करता येतं’ अशा विधानांनी बनली आहे. २०२०च्या पूरक खंडात ए१च्याही आधीची पायरी आहे. बोलणी एका भाषेत व्हावीत म्हणून चौकट उपयोगी आहे, पण ‘ए२’मध्ये मराठीचं सामान्यरूप येतं की नाही हे ती सांगत नाही. ते आपला अभ्यासक्रम सांगतो. म्हणून प्रश्न ‘हा ए२ आहे का?’ असा नसावा. ‘वरच्या वर्गातले पहिले चार आठवडे जे येतं असं धरून चालतात, ते याला येतं का?’ असा असावा. प्रत्येक लेव्हलचे सुरुवातीचे धडे तपासणाऱ्यांच्या समोर उघडे असले तर निम्मे वाद मिटतात.

गुणांवर किती विसंबायचं याचा हिशेब साधा आहे. समजा गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते, १२ आणि चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतली तर निकाल किती सारखा येईल ते, १ पैकी ०.९१. मग मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच माणसाचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते, १२ गुणिले ०.०९चं (१ वजा ०.९१) वर्गमूळ, म्हणजे ३.६. अर्थ असा की कटऑफ ५४ असताना ५२ आणि ५६ मिळवणाऱ्यांत फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून कटऑफची रेघ न धरता त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार गुणांचा पट्टा धरावा. पट्ट्याबाहेरच्यांची तोंडी पाच मिनिटांत उरकली तरी चालतं. पट्ट्यातल्यांना पूर्ण दहा मिनिटं आणि लेखन. लेखनाला पंधरा मिनिटं, ऐंशी ते शंभर शब्द, विषय एकच आणि त्यात भूतकाळ यावाच लागेल असा.

तोंडी परीक्षेत शिडी आधी ठरलेली असावी. ओळख दोन मिनिटं, आणि तिचे गुण नाहीत, कारण नाव-गाव-नोकरी सगळ्यांना पाठ असते. मग काल काय केलं. इथे ‘मी पुस्तक वाचलं, मी गोष्ट वाचली’ ही जुळणी होते का ते कळतं. मग दोन गोष्टींची तुलना, मग एखादी अडचण समजावून सांगणं, मग ‘असं झालं असतं तर’. प्रत्येक पायरीवर दोन संधी. दोन्हीकडे भाषा कोसळली की थांबायचं आणि एक पायरी खाली येऊन आरामात संपवायचं, म्हणजे माणूस हरल्यासारखा बाहेर पडत नाही. नोंदवायचं ते दोनच: सहज टिकते ती पायरी आणि मोडते ती पायरी. वर्ग ठरतो तो सहज टिकणाऱ्या पायरीवरून.

तोंडी बिघडते ती बहुधा परीक्षकामुळे. समोरचा थांबला की आपण शब्द पुरवतो, वाक्य पूर्ण करतो, हिंदीत किंवा इंग्रजीत समजावतो. पाच सेकंद गप्प राहणं हे सर्वांत अवघड कौशल्य आहे, पण मनात पाच मोजावेत. बऱ्याचदा चौथ्या सेकंदाला उत्तर येतं. परीक्षक दोन किंवा जास्त असतील तर दर प्रवेशाआधी परवानगीने जतन केलेली आठ-दहा ध्वनिमुद्रणं सगळ्यांनी स्वतंत्रपणे ऐकून पायरी लिहावी आणि मग एकमेकांशी ताडून पाहावी. यात वेळ जातो, पण हे टाळलं तर एका परीक्षकाकडची रांग कायम वरच्या वर्गात जाते.

चाचणी घरून, मोबाइलवर द्यायची सोय हवी अशी मागणी सतत येते. सी-टेस्टसाठी ती मान्य करू नये. मोबाइलचा कीबोर्ड ‘खि’ टाइप करताच ‘खिडक्या’ सुचवतो, म्हणजे चाचणी कीबोर्डच सोडवतो. उलट ज्यांना देवनागरी टाइप करायची सवय नाही त्यांचा वेळ टायपिंगमध्ये जातो. कागद आणि पेन हेच ठीक. दूरच्यांसाठी व्हिडिओ कॉलवर नुसती पूर्ण तोंडी घेतली तरी काम भागतं.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने तीन ओळींचा कागद भरावा: कुणाला फार सोपं जातंय, कुणाला झेपत नाही, आणि कशावरून. बदल करायचा तर तेव्हाच, चौथ्या आठवड्यात उशीर होतो. पट्ट्यातल्या माणसाला नेमकं कुठे बसवायचं यावर मतभेद आहेत. बोलणं वरच्या पायरीचं आणि लेखन खालचं असेल तर वर बसवावं, हे माझं स्पष्ट मत आहे. झेपत नाही असं म्हणणारा निदान तक्रार करतो, कंटाळलेला न सांगता यायचं बंद करतो. बोलणं खालचं आणि लेखन वरचं असेल तर मात्र खालीच. वरच्या वर्गात तोंड उघडायची त्याची भीती वाढत जाते.

उतारे फुटतात, हे गृहीत धरावं. पास होण्याचा प्रश्न नसला तरी मित्रमैत्रिणींच्या वर्गात जायचं असतं, आणि उतारा लक्षात राहतो. किमान दोन संच हवेत, आणि दोन्हींत एक उतारा सामाईक ठेवावा. नव्या प्रवेशाच्या गटाने सामाईक उताऱ्यात आधीच्या गटाइतकेच गुण मिळवले पण बाकीच्या तीन उताऱ्यांत सहा-सात गुण कमी पडले, तर नवा संच अवघड आहे असं समजून त्याचा कटऑफ तेवढा खाली आणायचा. सामाईक उताऱ्यातच सगळ्यांचे गुण अचानक चढले, तर तो उतारा फुटला आहे. तो त्याच दिवशी काढून टाकावा.