तळ्यासाठी ब्लूगिल की रेडइअर?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शेततळ्यात बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) सोडताना सनफिश कुळातील ब्लूगिल आणि रेडइअर या दोन माशांत बहुधा निवड करावी लागते. मासा किती वाढतो यापेक्षा तो काय खातो आणि त्याची वीण किती, हे आधी पाहावे.

ब्लूगिलचे मूळ क्षेत्र सेंट लॉरेन्स नदी व पंचमहासरोवरांपासून मिसिसिपीच्या खोऱ्यातून थेट फ्लोरिडा आणि ईशान्य मेक्सिकोपर्यंत पसरलेले आहे. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की नर उथळ जागी शेपटीने गाळ झाडून बशीसारखे खड्डे करतात, मादी त्यांत हजारो अंडी घालते आणि राखण नरच करतो. काही लहान नर मात्र मादीचे रूप घेऊन दुसऱ्याच्या घरट्यात बिनदिक्कत शिरतात. वीण उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा होत असल्याने, ही पिल्ले खाणाऱ्या बास या शिकारी माशांना खाद्य कमी पडत नाही. पण तळ्यात बास नसेल, तर पिल्लांची गर्दी होऊन सगळेच मासे खुरटतात. हा मासा १९६० मध्ये भेट म्हणून जपानला गेला आणि तिथल्या तळ्यांत उपद्रवी ठरला. जपानचे तेव्हाचे सम्राट अकिहितो यांनी २००७ मध्ये त्याबद्दल खेदही व्यक्त केला.

रेडइअर मूळचा आग्नेय अमेरिकेतला. त्याच्या घशातील चपटे, दाढांसारखे दात शंख-शिंपले फोडतात, आणि फुटलेली टरफले तो थुंकून टाकतो. माशांच्या मांसात आढळणाऱ्या पिवळ्या परजीवी अळीचे एक आश्रयस्थान गोगलगाय असल्यामुळे, गोगलगायींनी भरलेल्या तळ्यात त्याचा खरा उपयोग होतो. त्याची वीण बेताची असते, त्यामुळे गर्दीचा धोका कमी. मात्र तेवढ्यावर बास पोसले जात नाहीत. ब्लूगिल गोळी खाद्य चटकन घेतो, रेडइअर सहसा त्याकडे वळत नाही. आकारात रेडइअर सरस आहे: ब्लूगिलचा १९५० मधील विक्रम सुमारे २.१५ किलोचा, तर रेडइअर अडीच किलोच्याही पुढे गेलेला आहे.

माझ्या मते बास पाळायचे असतील तर मुख्य साठा ब्लूगिलचा ठेवावा आणि जोडीला थोडे रेडइअर सोडावेत. बास नको असतील तर एकटा रेडइअर बरा. बोटुकली घेताना वाढलेल्या जनक माशांच्या कल्ल्याच्या झाकणाचे टोक पाहावे: ब्लूगिलचे कडेपर्यंत काळे असते, तर रेडइअरला लाल किंवा नारिंगी किनार असते.